शहाण्णव घरांचे साहेब

मला आयुष्यात पहिल्यांदा ज्यांनी 'अहो' म्हणलं, त्यांचं नाव मी इथं सांगणार नाही. सांगितलं तर त्यांचा फोन येईल, "आपण माझ्यावर लिहिलंत असं कळलं. आपल्याला लिहिता कधीपासून यायला लागलं?" प्रश्न बरोबर आहे. मला लिहिता येत नाही. म्हणजे सही येते, आणि सहीच्या वरचं थोडंसं येतं. शिक्षण सहावी, तेही दोनदा. हे सगळं मी फोनमध्ये बोलतोय आणि आमच्या ऑफिसातल्या प्राजक्ता मॅडम ते नीट करून देणार आहेत. वाचताना जिथं शहाणपणाचं वाटेल ते मॅडमचं समजा, बाकीचं माझं.

साहेब सगळ्यांनाच 'अहो' म्हणायचे. कारखान्याच्या मालकाला, रिक्षावाल्याला आणि मलाही. मी शिपाई म्हणून लागलो त्या दिवशी ते म्हणाले, "अहो, जरा पाणी देता का?" मी मागं वळून बघितलं, माझ्यामागं कोण उभंय ते. मागं भिंत होती. तेव्हा कळलं की अहो म्हणजे मी.

फक्त चिडले की 'तुम्ही'चं 'आपण' व्हायचं. "आपण ही फरशी पुसलीत, की नुसती ओली केलीत?" आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. ऑफिसात 'आपण' ऐकू आलं की सगळे माना खाली घालून कामाला लागायचे. सुरुवातीचे सहा महिने मला ते 'तुम्ही' म्हणलेलं आठवत नाही.

आता धंदा काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ऑफिस कर्वे रोडला, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोर मेट्रोचा खांब. धंदा वीज विकायचा. वीज म्हणजे बोर्डाचीच असते असं मलाही वाटायचं. पण आमच्या कंपनीचं पश्चिमेकडच्या डोंगरात, एका धरणाच्या पायथ्याला छोटं वीजघर आहे. शेतीला पाणी सोडलं की ते जाता जाता आमचं चाक फिरवतं. त्यातनं जी वीज होते ती बोर्डाच्याच तारांवरून पुण्यातल्या आमच्या गिऱ्हाइकांना जाते. हडपसरला एका शेठचा ओतकामाचा कारखाना, मार्केट यार्डाजवळ आइस्क्रीमचं कोल्ड स्टोरेज, कॅम्पातली बेकरी, आयटीवाल्यांची एक काचेची बिल्डिंग, वाघोलीला शैलाताईंची अंडी उबवायची हॅचरी. अशी आठ-दहा. प्रत्येकाशी करार केलेला.

रोज सकाळी गिऱ्हाइकानं सांगायचं, उद्या कधी आणि किती पाहिजे. साहेब धरणावरून किती पाणी सुटणार ते विचारून घ्यायचे आणि वाटप करायचे. दहाच्या आत तो तक्ता बोर्डाकडे गेला पाहिजे. त्यात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे असतात, एकूण शहाण्णव. साहेब त्यांना 'घरं' म्हणायचे. कुठल्या घरात कुणाला किती वीज बसवायची, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं आहे. मलाही ऐकायला सोपंच वाटलं होतं.

साहेब आधी पाटबंधारे खात्यात होते. सगळी नोकरी कालव्याचं पाणी वाटण्यात गेली, आणि रिटायर झाल्यावर आमच्या मालकांनी त्यांना विजेच्या वाटपावर बसवलं. इंजिनिअर नव्हते. म्हणायचे, "पाणी काय आणि वीज काय, मागणारे सगळे सारखेच. जो जोरात मागतो त्याचं पोट भरलेलं असतं."

दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती. मला वाचायला बराच वेळ लागला, पण पाठ आहे: 'येथे वीज मिळते. जास्त मिळत नाही.' त्याखाली दुसरी होती: 'थोडी म्हणजे किती, ते घरून ठरवून यावे.' मालकांना ही पाटी आवडायची नाही. ते म्हणाले, "अहो, गिऱ्हाईक काय म्हणेल?" साहेब म्हणाले, "गिऱ्हाईक मोजून मागेल."

कुणाच्याही ऑफिसात गेले की साहेब नमस्काराच्या आधी दिवा बंद करायचे. दिवसाउजेडी ट्यूब चालू दिसली की पहिलं बटण, मग नमस्कार. एकदा आयटीवाल्यांच्या मीटिंगला मला घेऊन गेले. मोठी काचेची खोली, बाहेर ऊन, आत वीस दिवे. साहेबांनी भिंतीवरची सगळी बटणं एकेक करून खाली केली, त्यात त्यांचा पडद्यावरचा सिनेमाही बंद पडला. साहेब म्हणाले, "आता आपण एकमेकांना दिसतोय. बोला." मी बाजूला उभं राहून त्यांची बॅग धरली होती. बॅगेत डबा होता. माझा.

करार करायच्या आधी ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या जागेवर स्वतः जायचे आणि सगळं फिरून झाल्यावर एकच प्रश्न विचारायचे, "वीज गेली तर तुमच्याकडे काय मरतं?" ओतकामवाले शेठ म्हणाले, भट्टीत लोखंड गोठतं, मग भट्टीच फोडावी लागते. आइस्क्रीमवाले काका म्हणाले, माल वितळतो, पण दार उघडलं नाही तर अर्धा तास दम धरतो. बेकरीवाला म्हणाला, "पीठ आंबून जातं साहब, फिर वो फेको." आयटीवाल्यांचा एक जण म्हणाला, "प्रॉडक्टिव्हिटी." साहेब म्हणाले, "ती तशीही मेलेलीच दिसली मला. दुसरं काही?" शैलाताई म्हणाल्या, "पिल्लं." त्या वेळी साहेबांनी पुढं काही विचारलं नाही. हे सगळं ते एका वहीत लिहून ठेवायचे आणि पाणी कमी असलं की ती वही उघडायचे.

एकदा मला वीजघर दाखवायला घेऊन गेले होते. खडकवासल्यावरून पुढं बराच लांब. मला वाटलं मोठमोठाली यंत्रं दाखवतील. ते थेट मागच्या बाजूला गेले, जिथं चाक फिरवून झालेलं पाणी बाहेर पडून कालव्याला लागतं. पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली, खाली उतरले आणि पाण्यात हात घातला. मला म्हणाले, "अहो, बघा. सगळी वीज काढून घेतली, तरी ओलं आहे. आता शेतात जाईल कामाला." ते बराच वेळ तसेच उभे होते. मीही पाण्यात उतरलो आणि माझी एक चप्पल शेतात गेली कामाला. साहेब परत येताना रस्त्यात थांबले आणि मला नवीन चपला घेऊन दिल्या. म्हणाले, "मालकाच्या वीजघराखाली गेली, मालकाच्या खर्चात घालू." नंतर कळलं, खर्चात घातल्याच नव्हत्या.

आता पाटाचं सांगतो.

वाटप खरं म्हणजे कॉम्प्युटरवर होतं. प्राजक्ता मॅडम इंजिनिअर, फटाफट करतात. पण साहेबांच्या टेबलावर एक लाकडी पाट असायचा, जेवायला बसतो तसला, त्यावर पांढऱ्या रंगानं शहाण्णव घरं आखलेली. एका ओळीत आठ, अशा बारा ओळी. म्हणजे एक ओळ दोन तासांची. शेजारी एक पितळी वाटी. पाणी किती सुटणार ते कळलं की साहेब तेवढ्या बिया मोजून वाटीत टाकायचे, आणि त्यातनं घरांत वाटायचे. शेठचे चिंचोके, काकांच्या कवड्या, बेकरीचे वाटाणे, आयटीवाल्यांच्या काचेच्या गोट्या. शैलाताईंच्या गुंजा, लाल. त्यांना वीज थोडीच लागायची, पण सारखी, रात्रंदिवस. म्हणून प्रत्येक घरात एक. पाट लावून झाला की मॅडम फोनवर त्याचा फोटो काढायच्या आणि तोच तक्ता कॉम्प्युटरमध्ये भरून पाठवायच्या.

मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, सीरियसली? एक्सेलमध्ये पाच मिनिटांत होतं हे."

साहेब म्हणाले, "होतं ना. तुमच्या एक्सेलमध्ये नसलेलं पण होतं. माझी वाटी रिकामी झाली की रिकामी."

हळूहळू ते पाट मला लावायला द्यायला लागले. मराठीत बोलणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोन मी घ्यायचो, इंग्रजीत बोलणाऱ्यांचे मॅडम. मला आकडे लिहायला वेळ लागतो, पण बिया ठेवायला लागत नाही. पाट लावताना कुणाच्या घरात काय चाललंय ते मला नुसतं बघून कळायचं. मला वाटायचं, बघा, साहेबांच्या खात्याची जुनी पद्धत किती माझ्यासारख्याच्या सोयीची आहे. घरी बायकोला फुशारकी मारायचो, "तुझा नवरा आता वाटप करतो." ती म्हणायची, "आधी घरातली भाजी दोन ताटात सारखी वाटून दाखवा."

साहेब नोकरी सोडून गेले, त्यानंतर मॅडमनी एक दिवस सहज सांगितलं. म्हणाल्या, खात्यात कसला पाट नि कसलं काय, सर आधी रजिस्टरवरच करायचे. तुम्हाला रजिस्टर वाचता येत नाही आणि तुम्ही ते कुणाला कळू देत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा रविवारी घरी बसून त्यांनी तो पाट रंगवला. मी म्हणलं, "मग मला सांगितलं का नाही?" मॅडम म्हणाल्या, "सर म्हणाले, सांगितलं तर ते बिया मोजणार नाहीत, आभार मानत बसतील."

त्या दिवशी मी घरी चालत गेलो. बस सोडून दिली, दोन सोडल्या. आज मी साहेबांच्याच टेबलावर बसतो, वाटपाचे सगळे फोन मीच करतो, इंग्रजीवालेसुद्धा. इंग्रजीत मला फक्त 'मोर' आणि 'नो मोर' येतं, पण आमच्या धंद्यात तेवढं पुरतं.

पण त्याआधी मी एकदा वीज खाल्ली. ते सांगितल्याशिवाय साहेब पुरे होत नाहीत.

त्या वर्षी पावसानं हात आखडता घेतला होता. धरणातनं पाणी बेतानंच सुटायचं, वाटीत बिया कमी पडायच्या, आणि बोर्डानं सगळ्यांना ताकीद दिली होती, तक्त्यात नाव नसताना वीज ओढली तर लाइन बंद. शैलाताईंचा फोन आला. त्या शेतकरी घरातल्या, सासऱ्यांची जमीन रस्त्यात गेली तेव्हा जिद्दीनं हॅचरी काढलेली. म्हणाल्या, "दादा, उद्या माझी पिल्लं बाहेर निघायच्येत. आणि जनरेटर खोललेला हाय, त्याची कॉइल जळालीय. उद्याचं एक घर चुकवू नका बरं का."

मी म्हणलं, "ताई, तुम्ही बिनघोर राहा." असं मी म्हणलं की माणसानं काळजी करावी, पण तेव्हा त्यांना हे माहीत नव्हतं.

साहेब पाण्याचं नक्की करायला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात गेले होते. मी पाट लावायला घेतला तर ताईंच्या गुंजा कमी. का कमी, तर आठवडाभर झाडताना मीच त्या कचऱ्यात घालवल्या होत्या. मग डोकं चालवलं. खिशात फुटाण्याची पुडी होती. शहाण्णव फुटाणे मोजले, वाटीतल्या हिशेबात तेवढे धरले आणि एकेका घरात एकेक ठेवला. छान दिसत होतं. मॅडम तेवढ्यात फोनवर बोलायला बाहेर गेल्या. मी पाटासमोर राखण करत बसलो.

फुटाणे ताजे होते.

मॅडम आल्या, फोटो काढला, तक्ता गेला. मला काही आठवतसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला ताईंचा फोन. आदला दिवस सगळा जनरेटरमागं गेला म्हणून त्यांनी तक्ता तेव्हा उघडला होता. "दादा, दुपारी बारा ते दोन माझ्या नावापुढं कायच न्हाय. रिकामं हाय."

मी म्हणलं, "असं कसं होईल?" आणि पाटाकडं बघितलं. कालचा पाट अजून तसाच होता. सातव्या ओळीत चिंचोके होते, कवड्या होत्या, वाटाणे होते, गोट्या होत्या. फुटाणा एकही नव्हता.

साहेब शेजारी येऊन उभे राहिले. चष्मा वर केला, खाली वाकले. "सातव्या ओळीत सालं पडलीयेत," म्हणाले.

मी ती सालं बोटानं गोळा करायला लागलो.

"आपण खाल्लेत?"

"हो साहेब."

"किती?"

"आठ. ओळ पूर्ण केली."

साहेबांनी घड्याळ बघितलं. त्या दिवसाचा तक्ता एकदाच बदलता येतो, तोही बदलायच्या पहिल्या घराच्या दीड तास आधी, म्हणजे साडेदहाच्या आत. आणि करारात असं आहे की एकदा तक्त्यात दिलेलं घर गिऱ्हाइकानं स्वतः सोडलं तरच ते दुसऱ्याला देता येतं. वाटी रिकामी होती, आणि तक्त्यात कुणाच्याच नावावर न पडलेली ती आठ घरांची वीज बोर्डाकडं जमा झाली होती, ती परत मिळत नाही. दुसऱ्या कुणाच्या घरातनं एकेक बी मागून आणायची, एवढाच रस्ता होता.

मी म्हणलं, "साहेब, तुम्ही शेठला एक फोन केलात तर..."

"फोन आपण करायचे. आणि आधी काय झालं ते सांगायचं, मग मागायचं."

"सिस्टीममध्ये प्रॉब्लेम झाला असं सांगू का?"

"सिस्टीमनं फुटाणे खाल्ले?"

मॅडम तोंडावर ओढणी धरून खिडकीकडं वळल्या.

पहिला फोन शेठना. म्हणलं, "शेठ, एक चूक झालीय. वाघोलीच्या ताईंची आठ घरं मी खाल्ली."

"खाल्ली म्हणजे? कुणाला विकलीस?"

"नाही शेठ. खाल्ली. फुटाणे होते."

शेठ म्हणाले, "मी वीस वर्षं विजेवर कारखाना चालवतोय. वीज का नाही याची सगळी कारणं ऐकलीयेत. झाड पडलं, माकड चिकटलं, ट्रान्सफॉर्मर उडाला. हे नवीन आहे. साहेबांना दे."

मी साहेबांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. म्हणलं, "शेठ, ते बोलत नाहीयेत. मलाच बोलायला लावलंय."

"बरोबर करतायत. काय मरणार आहे तिकडं?"

"पिल्लं."

"हं." मागून कारखान्याचा धडधडाट येत होता. "साडेबारापर्यंत मला भट्टी ओतायची आहे, त्याला हात लावायचा नाही. साडेबारा ते दीड माणसं जेवायला सोडतो, मशीनशॉप बंद ठेवतो. एरवी अर्ध्या तासात हाकतो त्यांना, आज जेवू दे आरामात. चार घरं घे. पण एक सांगतो, हे मी सगळ्या हडपसरला सांगणार."

"सांगा शेठ. मी पण सगळ्यांना सांगतच सुटलोय."

आइस्क्रीमवाल्या काकांनी दोन दिली, बारा ते साडेबारा. म्हणाले, दारं उघडणार नाही, निघेल तेवढा वेळ. सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "मिठाचे होते का साधे?"

"मिठाचे, काका."

"मग आठवर कसा थांबलास रे?"

बेकरीवाल्यानं एक दिलं, दीड ते पावणेदोन. "पावाचा एक घाणा लेट करतो. पण त्याच्या पुढचं नाय देऊ शकत भाई, पीठ मशीनमध्ये असणार." आयटीवाल्यांच्या ॲडमिनमधल्या मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं की शी टोटली अंडरस्टँड्स, पण अप्रूव्हल लागेल, एक मेल करा. मॅडमनी मेल केला. त्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात आलं, हो म्हणून.

साडेदहाला पाच मिनिटं कमी होती. सात झाली होती. पावणेदोन ते दोन, शेवटचं घर रिकामं. मी आणखी दोघांना लावलं, एकानं उचललाच नाही, दुसऱ्याचं म्हणणं होतं की मी त्याची चेष्टा करतोय. मॅडमनी सात घरांचा तक्ता पाठवून दिला.

साहेबांनी ताईंना फोन लावला, तेवढा एकच फोन त्यांनी त्या दिवशी केला. "ताई, सात मिळाली. पावणेदोनला पंधरा मिनिटं वीज नसेल. आम्ही येतोय." मग चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चला."

ऑफिसच्या स्कूटरवर माझ्या मागं बसले. कर्वे रोड ते वाघोली, नगर रोडच्या ट्रॅफिकमधनं. सत्तरीला आलेला माणूस, एका शब्दानं बोलला नाही. मला वाटत होतं, बोलावं. शिव्या द्याव्यात, 'आपण' म्हणावं, काहीही. येरवड्याच्या सिग्नलला मीच म्हणलं, "साहेब, पंधरा मिनिटांत अंडी गार पडतील का हो?"

"मला माहीत नाही," साहेब म्हणाले. "म्हणून तर चाललोय."

ताई दारातच उभ्या होत्या, पदर खोचलेला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्हीच का ते दादा?"

"मीच."

"बिनघोर राहा म्हणणारे?"

"तोच."

"या आत. पाय धुवून या." साहेबांनी आधी अंडी गार पडण्याचंच विचारलं. ताई म्हणाल्या, "गार न्हाय पडत साहेब. उलटं हाय. निघायच्या टायमाला अंड्यात पिल्लाचीच ऊब असती. पंखं बंद झालं की ती ऊब आत कोंडती, वारं मिळत न्हाय, अन् गुदमरून मरत्यात. दारं उघडून वारा घालावा लागल."

ताईंनी वारा घालायला खोक्यांची पुठ्ठ्याची झाकणं काढून ठेवली होती. कपाटाएवढाली चार यंत्रं, प्रत्येकात ट्रेवर ट्रे, आणि सगळ्यांच्या पंख्यांची एकच मोठी घरघर. दोन यंत्रं ताईंच्या सुनेनं आणि कामावरच्या बाईनं घेतली, एक ताईंनी, एक आमच्याकडं. साहेबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मी म्हणलं, "साहेब, तुम्ही बसा, मी घालतो." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, घड्याळ बघत होते.

पावणेदोनला ताईंनी स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली केला. पंखे हळू होत होत थांबले. दिवे गेले. आणि मग त्या अंधुक खोलीत आवाज यायला लागला.

इतका वेळ तो पंख्याखाली दबलेला होता. यंत्राची दारं उघडली तसा वाढला. टिक टिक, चिवचिव, अंड्यातनं, ट्रेमधनं, खालून वरून, हजार ठिकाणांहून. काही अंड्यांना नुसती चीर पडलेली, काहींतनं चोच बाहेर आलेली, एक ओलं पिल्लू अर्धं आत अर्धं बाहेर पडून धापा टाकत होतं. मी हातात पुठ्ठा धरून बघतच राहिलो. तोवर मला वाटत होतं, मी नुसते आठ फुटाणे खाल्लेत.

"अहो, वारा घाला," साहेब म्हणाले. "बघता काय?"

मग मी जो वारा घातला. पहिली दोन मिनिटं मला मोठी मर्दुमकी वाटली. पाचव्या मिनिटाला खांदे भरून आले. सातव्याला मी पुठ्ठ्याचा हात बदलला, आठव्याला परत बदलला. पंधरा मिनिटांचं घर मी रोज चिमटीनं भरतो, पण आतनं ते एवढं मोठं असतं याची मला कल्पना नव्हती. शेजारी साहेब वारा घालत होते, सावकाश, न थांबता, जणू कालव्याचं दार फिरवतायत. चष्मा नाकावर घसरला होता, घाम हनुवटीवरनं शर्टात उतरत होता. एकदा मी थांबलो तर म्हणाले, "अजून चार." मी म्हणलं, "हात गळाला साहेब." म्हणाले, "दुसरा आहे ना."

दोन वाजता ताईंनी स्विच वर केला. पंखे परत घरघरायला लागले, आणि त्याखाली तो सगळा आवाज बुडाला.

साहेब एका उलट्या क्रेटवर बसले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घातले. ताईंनी ताक आणून दिलं. मी विचारलं, "ताई, किती गेली?"

"आता कसं सांगू? उद्या सकाळी काढायची. तवा मोजायची."

साहेब परत माझ्या मागं बसले. कर्वे रोडला उतरले, म्हणाले, "उद्या नऊला या," आणि बसस्टॉपकडं गेले. या म्हणाले, पण कशाला ते सांगितलं नाही. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, नोकरी गेली. तिनं कारण विचारलं. कारण सांगितल्यावर ती इतकी हसली की शेजारचे बघायला आले, मग त्यांनाही सांगावं लागलं.

सकाळी पावणेनवालाच पोचलो. साहेब आलेले होते. पाट स्वच्छ पुसलेला होता. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून माझ्यासमोर ठेवला. "ताईंना लावा. आजची मागणी घ्या. आणि किती गेली ते विचारा."

माझं बोट नंबरावर बसेना. दोनदा भलतीकडंच लागला. तिसऱ्यांदा ताईंनी उचलला.

म्हणलं, "ताई, मी बोलतोय. फुटाणेवाला."

"बोला दादा."

"पिल्लं काढली?"

"काढली की."

"किती गेली?"

त्या कुणाशी तरी बोलत होत्या, मग परत फोनवर आल्या. "गेली की. दर खेपेला जात्यात तेवढीच."

"तेवढीच?"

साहेब समोर उभे होते, चष्मा पुसत.

"अहो, तेवढीच म्हणलं ना," ताई म्हणाल्या. "आता आजचं लिहून घ्या, का ते पण खायचंय?"